आवाज क्लिअर हाय

ऋषी मोटारसायकलवरून पडला असता, तर त्याला इतकं वाईट वाटलं नसतं. पण लेहपर्यंत गाडी नेऊन आलेला, कन्याकुमारीला समुद्राच्या पाण्यात चाक बुडवून आलेला हा गडी निरगुडसरला स्वतःच्याच गोठ्यात शेणावरून घसरला आणि पायाला प्लॅस्टर घालून ओसरीवरच्या खाटेवर येऊन पडला. नेमकं त्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीचं खोकं आलं.

मंचरला ऋषीचं मोटारसायकलच्या सामानाचं दुकान होतं. हेल्मेट, जादाचे लाइट, पाठीमागे अडकवायच्या बॅगा, सीटवर टाकायच्या हवेच्या गाद्या, असलं सगळं. दुकानात ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू तो लांबच्या रस्त्यावर स्वतः वापरून बघायचा आणि चांगली-वाईट जशी असेल तशी व्हिडिओत सांगायचा. त्यामुळं पार नाशिकपासून पोरं त्याच्याकडून माल न्यायची. या वेळी कंपनीने एकमेकांशी बोलता येणाऱ्या हेल्मेटांची जोडी पाठवली होती. पुढच्याने बोललेलं मागच्याला ऐकू येणार आणि मागच्याचं पुढच्याला. कंपनीला हायवे पाहिजे होता, घाट पाहिजे होता आणि मागे बसून बोलणारं माणूस पाहिजे होतं. सोमवारपर्यंत कळवलं नाही, तर माल दुसऱ्या दुकानाला जाणार होता.

ऋषीने पाय उशीवर ठेवला आणि वडिलांकडे बघितलं.

"आबा, तुम्ही उद्या ताईकडं आण्याला चाललाय ना?"

"एसटीनं," धर्माजी घाईने म्हणाले. पोराच्या नजरेत काय आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

"माझी गाडी न्या. हायवे हाय, आण्याचा घाट हाय, मागं बसून बोलणारं माणूस तर तुमच्यासारखं अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नाय."

"ए, माझं नाव कशाला घेतो?" ऋषीची आई, सारजाबाई आतून ओरडल्या. पण मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि हेल्मेट उचलून वजन बघून म्हणाल्या, "जाऊ की वो. लेकाचं काम हाय. एसटीत तरी कुठं जागा मिळती?"

आण्याला जाणं जरुरीचंच होतं. अक्षदाला, म्हणजे ऋषीच्या थोरल्या बहिणीला, बेल्ह्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती. आण्यापासून बेल्हे जवळ, काम तिच्या शिक्षणाचं, नवऱ्याची हरकत नाही. अडलं होतं ते सासूपाशी. "सून बाहेर गेल्यावर घरातलं कोण बघणार?" हा सोनीबाईंचा एकच प्रश्न होता आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. अक्षदाचे सासरे रखमाजी तर जन्माचे अबोल. तेव्हा धर्माजी आणि सारजाबाईंनी जाऊन, गोडीगुलाबीने शब्द टाकून बघायचा असं ठरलं होतं.

सकाळी ऋषीने खाटेवरूनच दोघांना सजवलं. धर्माजींच्या लेंग्यावर गुडघ्याला लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या बांधल्या. अंगात जाड जाकीट चढवलं. सारजाबाईंचा अंबाडा हेल्मेटात मावेना, तेव्हा त्याची वेणी घालून पाठीवर सोडली. लग्नानंतर पहिल्यांदाच वेणी घातलेल्या बायकोकडे धर्माजी जरा बघत राहिले.

"आबा, टोपी काढा."

"टोपी न्हाई काढणार. पावण्याच्या दारात बोडक्यानं उतरू का?"

"मग बॅगेत ठेवा."

"चुरगाळती."

टोपी डोक्यावरच राहिली आणि तिच्यावर हेल्मेट बसलं. ऋषीने हेल्मेटाच्या बाजूचं बटण दाखवलं. "एकदा दाबलं की चालू. आता आत एक बाई बोलंल, इंग्लिशमधे. तिच्याकडं लक्ष देऊ नका. तुमचा मोबाइल मी याला जोडलाय, तो जाकिटाच्या आतल्या खिशात राहू द्या. फक्त हे बटण दोनदा दाबायचं नाय."

"दाबलं तर काय व्हतं?"

तेवढ्यात ऋषीला दुकानाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि धर्माजींना उत्तर मिळालं नाही. त्यांनी रखमाजींना फोन लावून "निघतोय वो, जेवायलाच येतो" असं सांगितलं, मोबाइल आतल्या खिशात घालून चेन लावली आणि गाडीला स्टार्टर मारला.

"बोलत राहा!" मागून ऋषी ओरडला. "गप बसला तर टेस्ट कशी होणार?"

मंचरपर्यंत दोघंही लाजल्यासारखी गप होती. हायवेला लागल्यावर सारजाबाईंनी घसा साफ केला.

"ऐकू येतं का वो?"

धर्माजी इतके दचकले की गाडी हलली. आवाज थेट कानात होता. "येतं की! अगं, शेजारी बसून बोलल्यासारखं येतं."

"मग आधी येत नव्हतं का?"

"आधी कुठं काय यायचं? वाऱ्यानं समदं उडून जायचं. मी आपला हं म्हनायचो."

मग सारजाबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे मागच्या दिवाळीला कळंबच्या पुलावर मी विचारलं, भिंतीला गुलाबी रंग देऊ का, आन तुमी हं म्हनले…"

"म्हनून गुलाबी झाली व्हय ती भिंत!"

"आन माझ्या भावाला पाण्याची मोटर देऊ का म्हनले, तवा?"

"ती चोरीला गेली न्हाई?"

"तुमी हं म्हनले म्हनून दिली मी!"

नारायणगाव मागे पडेपर्यंत अशा पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. धर्माजींना वाटलं, संसार आपण केला, पण त्यातले बरेचसे निर्णय वाऱ्याने घेतले. शेवटी सारजाबाईंनाच पोरीची आठवण झाली. त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. सोनीबाईपाशी विषय कसा काढायचा ते ठरवा."

पिंपळवंडीच्या अलीकडे हेल्मेटच्या आत टोपी सरकू लागली. आधी कपाळावर आली, मग एका डोळ्यावर. गाडी चालू असताना हेल्मेट काढता येईना. धर्माजींनी डावा हात उचलला आणि टोपी जागेवर बसावी म्हणून हेल्मेटाच्या कडेवर दोन चापट्या मारल्या.

"कॉलिंग लास्ट नंबर," आतली बाई म्हणाली.

"ही काय म्हनती?" सारजाबाईंनी विचारलं.

"कंपनीची हाय. बोलू दे तिला."

कानात थोडा वेळ टुर्र टुर्र असा आवाज झाला आणि थांबला. मग कुणीतरी खोकलं.

"खोकला झालाय का तुमाला?"

"मी कुठं खोकलो? तूच खोकली असशील. तर विषय असा काढायचा. आधी जेवणाचं कौतुक करायचं. पहिला घास घेतला की म्हनायचं, विहीणबाई, मासवडी करावी तर तुमीच."

"आन ते म्हनणार कोण?"

"तू म्हन. माझ्या तोंडून न्हाई निघायचं. अगं, मागल्या खेपेला ती मासवडी तोंडात एकीकडून दुसरीकडं फिरती, पण तुटत न्हाई. ताडपत्री खाल्ल्यासारखं वाटत व्हतं. तिला सुरी न्हाई, कुऱ्हाड पाहिजे कुऱ्हाड!"

सारजाबाईंना हसू आवरेना. "हळू बोला वो."

"हळू कशाला? इथं कोण ऐकतंय? आन तो रखमाजी. बिचारा माणूस हाय का दगड? बाईनं त्याला बोलायला जागाच ठेवली न्हाई. घरात हुकूम तिचा, शेतात हुकूम तिचा, म्हशी बी तिला भिऊन दूध देत असतील."

याच वेळी कानात एक म्हैस अगदी जवळून ओरडली.

"आवाज लई क्लिअर हाय राव," धर्माजी कौतुकाने म्हणाले. "रस्त्याकडंची म्हैस बघ कशी ऐकू आली."

सारजाबाईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. एकीकडे डाळिंबाची बाग होती, दुसरीकडे पेट्रोल पंप. पण त्या विचारात होत्या. म्हणाल्या, "एक मात्र हाय. सोनीबाई तोंडाची फटकळ हाय, पण अक्षदाला डेंगी झाला तवा दवाखान्यात उशापाशी तीच बसली व्हती. मी पोचले तर मला म्हनली, तुमी झोपा, मी हाय. आई असून माझ्याच्यानं तेवढं झालं नसतं."

"ते खरं हाय," धर्माजी म्हणाले. "पण मासवडी वंगाळ करती."

आळेफाट्याला चहाला थांबले. हेल्मेट काढून, टोपी झटकून, धर्माजींनी आतल्या खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. स्क्रीनवर रखमाजींचं नाव होतं आणि त्याखाली फोनचं घड्याळ पळत होतं.

"काय झालं वो?"

धर्माजींनी मोबाइल तिच्यासमोर धरला. सारजाबाईंना मोठी अक्षरं वाचता येत होती.

"हॅलो म्हना की!"

"काय म्हनू?" धर्माजी कुजबुजले. त्यांनी भीत भीत मोबाइल कानाला लावला. पलीकडून तीच म्हैस ओरडली. त्यांनी फोन कापून टाकला.

चहा आला, निवला, साय धरली. दोघं आपण काय काय बोललो ते आठवत बसली.

"ताडपत्री म्हनले तुमी."

"कुऱ्हाड त्याच्या आधी का नंतर?"

"नंतर. मग म्हशी."

धर्माजींनी ऋषीला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे पोरगा खाटेवर कितीतरी वेळ नुसता हसत होता. हसू थांबल्यावर म्हणाला, "दोनदा दाबायचं नाय म्हनलं व्हतं ना? शेवटच्या नंबरला लागतो तो. पण आबा, आवाज कसा व्हता?"

"क्लिअर व्हता! त्याच्यामुळंच तर वाटोळं झालं!"

परत फिरावं असं धर्माजींच्या फार मनात होतं. पण अक्षदाला दवाखान्यात सोमवारी हजर व्हायचं होतं. आज शब्द टाकला नाही, तर नोकरी गेल्यातच जमा होती. सारजाबाईंनी फाट्यावरून पेढे घेतले, एक चांगलं जरीचं लुगडं घेतलं आणि दोन्ही वस्तू गाडीच्या कडेच्या बॅगेत कोंबल्या. बेल्हे गेलं, गुळुंचवाडी गेली, घाट लागला, तरी कुणी एक अक्षर बोललं नाही. बटण बंद केलं होतं, पण आता त्या बटणावर विश्वास कुणाचा? वळणावर गाडी झुकली की सारजाबाई नुसता खांदा दाबायच्या आणि धर्माजी मान हलवायचे.

आण्याला पोचले तेव्हा रखमाजी दारातच उभे होते. त्यांनी दोघांच्या हातातली हेल्मेटं घेतली, त्या हेल्मेटांकडेच जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता खुंटीला अडकवली. माणूस नेहमीच असा, त्यामुळं त्यावरून काही कळेना.

"या, या पावणं!" सोनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. उंच, धिप्पाड बाई, आवाज अंगणभर. "लई उशीर केला. वाटंत बोलत बसला व्हता का?"

धर्माजींनी घाईने तांब्या घेऊन तोंडाला लावला.

अक्षदा आईला मिठी मारून आत गेली. चहा आला. धर्माजींनी फुर्रकन पिऊन टाकला आणि "वा, काय चहा!" असं मोठ्याने म्हणाले. सारजाबाईंनी पेढे दिले, लुगडं दिलं. सोनीबाई लुगड्याकडे बघत राहिल्या.

"एवढं भारी? आज काय हाय?"

"असंच. प्रेमानं," सारजाबाई म्हणाल्या.

सोनीबाईंनी लुगडं मांडीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि दोघांकडे रोखून बघितलं. "मला समदं कळलंय बरं का."

सारजाबाईंनी पेढ्यांचा पुडा विहिणीकडे आणखी पुढे सरकवला.

"आमच्या घरातली गोष्ट अशी बाहेर बोलायची असती का? जे हाय ते माझ्या तोंडावर बोलावं."

सोनीबाई बोलत होत्या ते नोकरीबद्दल. आपलं भांडण सुनेने माहेरी कळवलं, हे त्यांना सकाळीच समजलं होतं. पण धर्माजींना तेवढा धीर धरवला नाही. ते उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "विहीणबाई, चुकलं माझं. मासवडीला कुऱ्हाड लागंल म्हनलो ते गमतीत म्हनलो."

मागे दाराला टेकलेले रखमाजी जोरजोरात हात हलवून नको, नको करू लागले. पण धर्माजींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कसली कुऱ्हाड?" सोनीबाईंनी विचारलं.

"आन ताडपत्री हेच म्हनले," सारजाबाई घाईने म्हणाल्या. "मी न्हाई म्हनले. मी नुसती हसले."

"कसली ताडपत्री?"

आता कुठे धर्माजींना रखमाजींचे हात दिसले. सोनीबाईंनीही मान वळवली आणि हात हवेत असतानाच नवऱ्याला पकडलं.

मग एकेक करून सगळं बाहेर पडलं. फोन रखमाजींच्या खिशात होता. ते गोठ्यात म्हशीला पेंड चारत होते. फोन उचलला, खोकले, पण पलीकडे बोलणं रंगात आलेलं बघून त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. घातलंही नाही आणि फोन ठेवलाही नाही.

"तुमी समदं ऐकलं आन मला सांगितलं न्हाई?" सोनीबाईंचा आवाज चढला.

"तू विचारलं न्हाईस," रखमाजी म्हणाले.

"म्हशी मला भिऊन दूध देत्यात, हे ऐकून बी गप बसला?"

रखमाजींनी जरा विचार केला. "त्यात खोटं काय हाय?"

आतून अक्षदा दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता नोकरी सोडाच, आईबापाला जेवायला तरी बसवतात का, याची तिला काळजी होती. पण रखमाजी आज बोलायला लागले होते आणि थांबायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"चांगलं बी बोलल्या व्हत्या," ते म्हणाले. "ते कुणी सांगत न्हाई. डेंगीच्या वख्ताला तू पोरीपाशी बसली व्हतीस. सारजाबाई म्हनल्या, आई असून माझ्याच्यानं तेवढं झालं नसतं. ते बी मी ऐकलं. क्लिअर ऐकलं."

सोनीबाई सारजाबाईंकडे बघायला लागल्या. सारजाबाई लुगड्याच्या जरीकडे. सोनीबाईंनी पदराने नाक पुसलं आणि एकदम काहीतरी आठवून पुन्हा ताठ झाल्या.

"पण थांबा. मासवडीचं काय? मागल्या खेपेला तुमी आलता, ती मासवडी कुणी केली व्हती ठावं हाय का?"

"तुमीच की," धर्माजी म्हणाले.

"मी? पोराचं लग्न झाल्यापास्नं समदा सैपाक हिच्याकडं हाय. मी चुलीपाशी फिरकत बी न्हाई. ती ताडपत्री तुमच्या लेकीची हाय, पावणं!"

धर्माजींनी अक्षदाकडे बघितलं. अक्षदाने मान खाली घातली.

"बाबो," सारजाबाई म्हणाल्या, "मी शिकवली व्हती की गं तुला!"

"बेसन शिजवताना माझं ध्यान नसतं," अक्षदा पुटपुटली. "पुस्तकात असतं."

आता मात्र सोनीबाई खवळल्या. पण राग व्याह्यांवर नव्हता, विहिणीवर नव्हता, तर भलत्याच गोष्टीचा होता. "म्हंजे पार निरगुडसरपर्यंत माझ्या नावानं बोंब झाली? मासवडी हिची आन नाव माझं? उद्या समदं आणे म्हनंल, सोनीबाईला सैपाक येत न्हाई! बास झालं. आजपासून हिनं चुलीपाशी यायचं न्हाई!"

"मग मी जाऊ कुठं?" अक्षदाने हळूच विचारलं.

"जा की त्या लॅबात! काय रगत तपासायचंय ते तपास. तिथं ध्यान ठेव म्हंजे झालं. घर मी बघते."

धर्माजी तोंड उघडून म्हणणार होते, "विहीणबाई, आमी त्याच्यासाठीच…" तेवढ्यात सारजाबाईंनी त्यांचा खांदा दाबला, अगदी घाटात दाबला होता तसाच. धर्माजींनी मान हलवली आणि तोंड मिटलं.

सोनीबाईंनी पदर खोचला. सकाळपासून अक्षदाने करून ठेवलेलं सारण बाजूला सारलं. स्वतः तीळ भाजले, खोबरं भाजलं, लसूण कुटला. बेसन शिजवलं, ओल्या फडक्यावर थापलं, सारण भरून गुंडाळी केली. घरभर मसाल्याचा वास सुटला. बाहेर ओसरीवर अक्षदा आईच्या कानाशी लागून दवाखान्याबद्दल सांगत होती. सकाळी निघायची वेळ, पांढरा कोट, सगळं. तिच्याकडे बघून धर्माजींना वाटलं, सोनीबाईंनी आज अंबाडीची भाजी वाढली तरी आपण गोड मानून खाऊ.

ताटं मांडली गेली. बाजरीची भाकरी, तिखट लालभडक रस्सा आणि कडेला मासवडीचे काप. सोनीबाई वाढून झाल्यावर बसल्या नाहीत. हात कमरेवर ठेवून धर्माजींच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

धर्माजींनी काप उचलला आणि दातांत धरला.

दात आत गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. काप जरा वाकला आणि परत सरळ झाला. लेकीची मासवडी निदान तोंडात फिरत होती, ही फिरायलाही तयार नव्हती. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी बघितलं. रखमाजींनी आपले काप रश्श्यात बुडवून ठेवले होते आणि भिजायची वाट बघत ते शांतपणे कांदा खात होते.

"कशी झालीय?" सोनीबाईंनी विचारलं.

त्यांच्या पाठीमागे अक्षदा उभी होती, श्वास रोखून. सारजाबाईंनी घास हातातच धरून ठेवला होता.

धर्माजींनी सगळी ताकद जबड्यात आणली. कुठेतरी कडकन आवाज झाला, तो कशाचा हे त्यांनी बघितलं नाही. घास गिळला, वरून तांब्याभर पाणी प्याले आणि सोनीबाईंकडे बघून मनापासून म्हणाले, "विहीणबाई, अशी मासवडी मी जन्मात खाल्ली न्हाई."

सोनीबाईंचा चेहरा फुलला. "वाढू का अजून?"

धर्माजींनी लेकीकडे एकदा बघितलं आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढा की. आन जरा रस्सा बी."